बाक पुढे, बालक मागे

१ मे रोजी ध्वजवंदन आटोपले की महाराष्ट्रातील अनेक शाळांत प्रगतिपुस्तकांचे वाटप होते. घरी आणि दुकानात त्या दिवशी मुलांना एकच प्रश्न विचारला जातो, पास झालास ना? एका पिढीपूर्वी या प्रश्नात धाकधूक असे. २०१० नंतर तिची जागा निर्धास्तपणाने घेतली. आठवीपर्यंत कोणी नापास होतच नाही, हे मुलालाही ठाऊक झाले, पालकालाही आणि शिक्षकालाही. लोकभाषेने या व्यवस्थेला ‘ढकलपास’ असे नाव देऊन टाकले. कायद्याने ज्याला बालकाचा हक्क म्हटले होते, त्याची ओळख लोकांत अशी उपहासाने झाली.

आता चित्र पुन्हा बदलले आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे आणि त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूदही आली आहे. काही पालकांना हायसे वाटले, काहींच्या पोटात गोळा आला. परंतु ‘नापास करावे की करू नये’ एवढ्यापुरताच हा वाद उरला, तर त्यामागचा खरा प्रश्न नजरेआड होतो. तो प्रश्न व्यापारी घरांना उलगडून सांगावा लागत नाही. जुन्या वहीतील येणे न तपासता केवळ ‘मागील बाकी पुढे’ असे लिहून नवी वही उघडली, तर वहीपूजन यथासांग होते, पण येणे वसूल होत नाही. दरवर्षी ते फुगत जाते आणि एके दिवशी बुडीत खाती जमा होते. वाचन आणि गणित यांची बाकीही अशीच पुढे जाते. तिचा हिशेब आठवी-नववीत उघड होतो आणि तेव्हा वसुलीची वेळ टळून गेलेली असते.

एका बाकाची गोष्ट

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रांत एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापुरात आले, जैन बोर्डिंगात राहिले आणि राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले. इंग्रजी सहावीत गणिताने त्यांना अडवले. छत्रपती शाहू महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता. या मुलाला वरच्या वर्गात घ्यावे, असा शब्द शिक्षकांपर्यंत गेला. त्यावर गणिताच्या शिक्षकांनी नम्रपणे पण ठामपणे कळवले की, भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात नेऊन ठेवतो, भाऊरावाला मात्र नेता येणार नाही.

भाऊरावांचे शालेय शिक्षण त्यापुढे फारसे गेले नाही. परंतु याच गृहस्थाने १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह उभे केले आणि १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षक घडवणारे विद्यालय काढले. खेडोपाडी शाळांचे जाळे विणले. आयुष्याच्या अखेरीस, १९५९ मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. दिली.

या एका प्रसंगात दोन सत्ये शेजारी शेजारी उभी आहेत. शिक्षकांचे म्हणणे खरे होते, कारण बाक पुढे सरकवल्याने गणित येत नाही. आणि नापासाचा शिक्का भाऊरावांचे मोल ठरवू शकला नाही, हेही तितकेच खरे आहे. अनेकांताची शिकवण ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडली आहे, त्यांना ही दोन सत्ये परस्परविरोधी वाटण्याचे कारण नाही. देशाच्या शिक्षणधोरणाने मात्र कधी एका सत्याचा, तर कधी दुसऱ्याचा हात धरला. दोन्ही एकत्र सांभाळण्याचे कष्ट क्वचितच घेतले गेले.

सक्ती आली, गळतीही आली

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी प्रश्न शाळेच्या दाराशी पोहोचण्याचा होता. स्वातंत्र्यानंतर दारे वाढली, पण आत आलेली मुले टिकेनात. पहिलीत भरलेला वर्ग सातवीपर्यंत अर्ध्यावर येई. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण झालेल्या माणसाला गावात मान होता, त्याचे एक कारण तिथवर पोहोचणारे थोडे होते हेच होय.

या गळतीला गरिबी, शेतीची कामे, मुलींची लवकर होणारी लग्ने अशी अनेक कारणे होती. त्यांत नापासीचीही भर पडत असे. एकदा नापास झालेले मूल त्याच वर्गात, तीच पुस्तके, त्याच पद्धतीने पुन्हा वाचत असे. ज्या पद्धतीने पहिल्या वर्षी समजले नाही, तीच पद्धत दुसऱ्या वर्षी चमत्कार करील, अशी अपेक्षा ठेवली जाई. बरोबरीची मुले पुढे गेलेली असत, शेजारी धाकटा भाऊ येऊन बसे आणि दुसऱ्यांदा नापास झाले की मूल दप्तर खुंटीला टांगून कामाला लागे. मुलगी असेल तर निर्णय आणखी लवकर होई.

म्हणूनच १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक टप्प्यावर मुलांना नापास न करण्याचे धोरण कायम ठेवावे असे म्हटले. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, हे देशासमोर मांडले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पाठांतराकडून आकलनाकडे जाण्याचा आग्रह धरला. या सर्व विचारांची परिणती बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्ये झाली. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

एका कलमाने तीन कलमे झाकली

या कायद्याच्या कलम १६ ने सांगितले की, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकाला मागे ठेवता येणार नाही आणि शाळेतून काढताही येणार नाही. हे कलम घरोघरी पोहोचले. पण ते एकटे नव्हते. कलम २९ ने अभ्यासक्रम बालकाला भयमुक्त करणारा असावा आणि त्याच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे बंधन घातले. कलम २४ ने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. कलम ४ ने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवताना विशेष प्रशिक्षणाची तरतूद केली.

थोडक्यात, कायद्याचे म्हणणे असे होते की मुलाला थांबवू नका, पण तो मागे पडतो आहे का हे रोज पाहा आणि मागे पडला तर त्याच दिवशी हात द्या. व्यवहारात पहिला भाग तत्काळ अमलात आला, कारण त्याला पैसे लागत नव्हते. उरलेल्या दोन भागांना शिक्षक लागत होते, वेळ लागत होता आणि मन लागत होते.

महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे संकलित मूल्यमापन असे तिचे दोन भाग होते. पहिली-दुसरीला आकारिक भागाचे वजन ७० टक्के आणि संकलित भागाचे ३० टक्के, आणि वर्ग वाढत जाईल तसे संकलित भागाचे वजन वाढत जावे, अशी ती विचारपूर्वक केलेली रचना होती. निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, स्वाध्याय यांतून मुलाला काय येते हे शिक्षकाने टिपायचे होते. त्या नोंदीवरून दुसऱ्या दिवशीच्या अध्यापनाची दिशा ठरायला हवी होती. पुष्कळ ठिकाणी नोंदवहीच मुख्य झाली. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी रकाने भरले गेले आणि श्रेणी दिल्या गेल्या. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याच्या नावापुढेही सुवाच्य अक्षरात ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिले गेले. रोजमेळ रोज लिहिला, पण रोकड कधी मोजली नाही, असा हा प्रकार झाला.

आकडे काय सांगतात

ग्रामीण भारतातील मुलांना काय येते, याची पाहणी ‘असर’ या नावाने २००५ पासून केली जाते. तिची पद्धत सोपी आहे. पाहणी करणारा घरी जातो आणि मुलासमोर एक कागद ठेवतो. त्यावर अक्षरे, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल कुठवर वाचते एवढेच पाहायचे. २०१० मध्ये पाचवीतील ५३.७ टक्के मुले ती दुसरीची गोष्ट वाचू शकत होती. २०१२ मध्ये हे प्रमाण ४६.८ टक्क्यांवर आले.

या घसरणीवरून नापासी बंद केल्यामुळेच मुले वाचेनाशी झाली, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. २०१२ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने हरियाणाच्या तत्कालीन शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर उपसमिती नेमली. परीक्षा टप्प्याटप्प्याने परत आणाव्यात, असा तिचा कल होता. परंतु त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. नापासीची भीती ज्या वर्षापर्यंत होती, त्या २०१० मध्येही पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचे वाचता येत नव्हते. म्हणजे आजार जुना होता. नापासीने तो बरा होत नव्हता आणि नापासी काढल्यानेही बरा झाला नाही. फरक एवढाच पडला की पूर्वी आजारी मूल शाळेतून निघून जाई आणि आता ते वर्गात बसून राहिले.

शेवटच्या बाकावर न कळता बसून राहणे ही बालकाला सोसावी लागणारी मोठी शिक्षा आहे. ती कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही, म्हणून तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यावर हे नुकसान अधिक खोल गेले. २०२२ मध्ये सरकारी शाळांतील तिसरीच्या अवघ्या १६.३ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर गेले. सुधारणा लक्षणीय आहे आणि तिचे श्रेय प्राथमिक शिक्षकांना दिलेच पाहिजे. तरीही याचा अर्थ असा होतो की, चार मुलांपैकी तीन मुले तिसरीत बसूनही दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत.

परीक्षा परत आली

संसदेने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यायची. जो अनुत्तीर्ण होईल त्याला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची. त्यातही यश आले नाही, तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे सरकारने ठरवायचे. कोणत्याही परिस्थितीत प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याआधी मुलाला शाळेबाहेर काढता येणार नाही, ही हमी मात्र कायम राहिली.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमधील शासन निर्णयाने परीक्षेची पद्धत ठरवून दिली. पाचवीला प्रत्येक विषयाची परीक्षा ५० गुणांची आणि आठवीला ६० गुणांची, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, आणि अनुत्तीर्णांसाठी जूनमध्ये पुनर्परीक्षा अशी तिची चौकट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सैनिकी शाळा यांसारख्या आपल्या सुमारे तीन हजार शाळांसाठी असेच नियम केले. त्या वेळेपर्यंत १६ राज्ये आणि २ केंद्रशासित प्रदेश या मार्गाने गेले होते. तमिळनाडूने मात्र आपल्या शाळांत आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरणच चालू राहील, असे जाहीर केले.

केंद्राच्या नियमांतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. परीक्षा पाठांतर तपासणारी नसावी, मुलाची समज तपासणारी असावी, असे त्यात म्हटले आहे. तसेच मागे ठेवलेल्या मुलाला वर्गशिक्षकाने मार्गदर्शन करावे, गरज पडल्यास पालकांशीही बोलावे, आणि मुख्याध्यापकाने अशा मुलांची यादी ठेवून त्यांच्या प्रगतीवर स्वतः लक्ष द्यावे, असेही बंधन आहे. ही यादी भिंतीवर लावण्यासाठी नाही, हे शाळांनी विसरता कामा नये.

पहिली ते चौथीत नापास न करण्याचे तत्त्व आजही अबाधित आहे आणि ते असेच राहावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला अपयशी ठरवून काहीही साधत नाही. परंतु यातूनच नवी अडचण उद्भवते. पहिल्या चार वर्षांत कोणी काही विचारत नाही आणि पाचवीला एकदम परीक्षा समोर उभी राहते. दुसरीत वाचनाची गाडी चुकलेल्या मुलाला तीन वर्षांनी, तेही उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत, जादा मार्गदर्शन देऊन काय भरून निघणार? खरे काम पाचवीच्या आधी, पहिल्या तीन वर्गांतच करावे लागेल.

अभ्यासक्रमाने थांबायला शिकावे

वर्गात बसवलेल्या मुलापेक्षा पुस्तक नेहमी पुढे धावते, हे प्राथमिक शिक्षणाचे जुने दुखणे आहे. शिक्षकाला वर्षाअखेर ‘पोर्शन’ संपवायचा असतो. संपतो तो पुस्तकातला पोर्शन. तो मुलाच्या डोक्यात गेला की नाही, हा वेगळा प्रश्न असतो.

यावरचा एक उपाय महाराष्ट्राच्या भूमीतच तपासला गेला. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वस्त्यांतील मुलांसाठी ‘बालसखी’ उपक्रम चालवला. स्थानिक तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन आणि अंकज्ञान शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात या उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी केली, आणि मागे पडलेल्या मुलांनाच त्याचा सर्वाधिक लाभ झाल्याचे दिसले. बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या कार्यात या अभ्यासालाही स्थान आहे. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात राहू द्यावे, पण दिवसातला काही वेळ त्याच्या खऱ्या पातळीवर शिकवावे, एवढाच त्याचा मथितार्थ आहे.

परदेशातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. जपानमध्ये प्राथमिक शाळेत मुलांना मागे ठेवत नाहीत. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने मात्र २०१३ मध्ये तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना थांबवण्याचा कायदा केला. देशात वाचनात तळाशी असलेले हे राज्य दशकभरात चौथीच्या वाचनात पहिल्या दहांत आले. पण त्या कायद्यात केवळ थांबवणे नव्हते. शाळांत वाचनाचे तज्ज्ञ मार्गदर्शक नेमले गेले, लहान वर्गांपासून वेळोवेळी चाचणी सुरू झाली आणि मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र योजना आली. थांबवूनही आणि न थांबवताही यश मिळू शकते. मागे पडलेल्या मुलाकडे न पाहता मात्र कुठेच मिळालेले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे वयाचा पायाभूत स्तर वेगळा काढला, तो याच जाणिवेतून. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली. महाराष्ट्रात जून २०२५ पासून पहिलीला नव्या आराखड्यानुसार अभ्यासक्रम सुरू झाला. खेळ, गाणी, वस्तू हाताळणे, घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे जाणे यांना त्यात स्थान आहे. पुस्तके बदलली, हे चांगलेच झाले. मूल मागे पडल्याचे दिसताच शिक्षकाला थांबण्याची मुभा मिळते का, यावर त्यांचे खरे यश ठरेल.

पाठशाळेतील गाथा

ही मुभा जैन घरांना अपरिचित नाही. रविवारी पाठशाळेत जाणाऱ्या मुलांकडे पाहावे. सात वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी एकाच सूत्रावर असू शकतात. आधीची गाथा नीट म्हणून दाखवल्याशिवाय नवी गाथा मिळत नाही. दोन प्रतिक्रमण झाल्यावरच पंचप्रतिक्रमणाकडे जायचे असते. उच्चार चुकला तर गुरुजी तिथल्या तिथे सुधारतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ऐकतात. या व्यवस्थेत कोणी नापास होत नाही आणि कोणाला ढकललेही जात नाही.

परंपरेतील एक कथा याहून मार्मिक आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना आपल्याजवळचे श्रुत लोपेल अशी चिंता वाटली. त्यांच्याकडे आलेल्या दोन मुनींना ज्ञान देण्यापूर्वी त्यांनी एकेक मंत्र साधण्यास दिला. एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक कमी. साधना पूर्ण होताच समोर आलेल्या देवतांच्या रूपात वैगुण्य दिसले. दोघांनी ओळखले की मंत्रात दोष आहे. तो त्यांनी स्वतः शोधला, दुरुस्त केला आणि पुन्हा साधना केली. तेव्हा आचार्यांनी त्यांना शिकवण्यास आरंभ केला. हेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून ओळखले गेले. त्यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला. त्याच्या पूर्तीचा दिवस म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. शाळा सुरू होण्याच्या सुमारासच ती येते.

या कथेत परीक्षा आहे आणि ती कठीणही आहे. पण ती शिकवण्याच्या आधी आहे, शिष्य कुठे उभा आहे हे जाणण्यासाठी आहे. चूक झाली म्हणून कोणी बाद झाले नाही, कारण चूक ओळखून सुधारणे हीच खरी कसोटी होती. सातत्यपूर्ण मूल्यमापन म्हणून जे कायद्यात लिहिले गेले, ते यापेक्षा वेगळे नाही.

सूट आणि कर्तव्य

जैन संस्थांच्या बाबतीत या विषयाला आणखी एक पदर आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सर्व अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या सरसकट सवलतीविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. न्यायालयाचा निर्णय पुढे काहीही होवो, समाजाने स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कायद्याने मिळालेली सूट ही मागे पडलेल्या मुलाच्या जबाबदारीतूनही सूट आहे काय?

काही शाळा उत्तम निकाल राखण्यासाठी कच्च्या मुलाच्या पालकांना गोड शब्दांत दुसरी शाळा सुचवतात. दहावीचा शंभर टक्के निकाल फलकावर झळकतो. त्या फलकावर आठवी-नववीत निघून गेलेल्या मुलांचा आकडा नसतो. ट्रस्टच्या वार्षिक सभेत इमारत, देणगी आणि निकाल यांचा हिशेब मांडला जातो. तिसरी संपताना आपल्या शाळेतील किती मुलांना समजून वाचता येते, हा एकच आकडा दरवर्षी सभेपुढे ठेवण्याचा पायंडा पडला, तर अनेक शाळांचे स्वरूप बदलेल. तो जमवायला खर्च येत नाही. वर्गात जाऊन मुलांना एकेक करून वाचायला सांगितले की पुरे.

घरातही हेच करता येते. प्रगतिपुस्तकातील श्रेणी पाहून समाधान मानण्याऐवजी मुलाला पाच मिनिटे शेजारी बसवून अनोळखी मजकुराचा परिच्छेद मोठ्याने वाचू द्यावा, वाचलेले त्याच्या शब्दांत सांगू द्यावे, हातच्याची एक वजाबाकी करू द्यावी. इंग्रजी माध्यमात घातलेले मूल धडाधड वाचते, पण अर्थ विचारला की गप्प होते, हा अनुभव पुष्कळ घरांत येईल. तो लवकर आलेला बरा. दुकानात, गोदामात, स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांची मुलेही नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत असतात. त्यांच्या वह्या-पुस्तकांसाठी मदत करणारे हात समाजात पुष्कळ आहेत. त्या हातांना आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास जवळ बसवून वाचून घेण्याची जोड मिळाली, तर ते दान अधिक फळेल. निवृत्त झालेले आजोबा, सुशिक्षित सुना, महाविद्यालयात जाणारी मुले यांना हे काम सहज जमण्यासारखे आहे.

शास्त्रांनी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. नापासीची भीती काढणारा कायदा हे एक प्रकारे अभयदान होते. ते देताना ज्ञानदान मागे राहिले, म्हणून ते ‘ढकलपास’ ठरले. आता परीक्षा परत आणताना अभय काढून घेतले आणि ज्ञान तरीही दिले नाही, तर मुलाच्या हाती काहीच उरणार नाही.

राजाराम हायस्कूलमधील ते शिक्षक बाक पुढे न्यायला तयार होते, भाऊरावांना नव्हे. पुढे भाऊरावांनी गावोगाव शाळा काढल्या, तेव्हा बाकांची वाट पाहिली नाही. काही शाळा देवळात भरल्या, काही झाडाखाली. तिथे पुढे जायचे होते ते बालकाने. यंदा १ मे रोजी प्रगतिपुस्तक हाती येईल तेव्हा मुलाला ‘पास झालास ना’ असे विचारण्याआधी, एक पान वाचून दाखवतोस का, असे विचारता येईल.